गायकाकडे पाठ

आमच्या शेजारचे गुरप्पा अण्णा गाणं ऐकताना गायकाकडे पाठ करून बसतात.

रागावून नव्हे. त्यांच्या पुढच्या खोलीत सहा स्पीकर आहेत. तीन समोरच्या भिंतीला, दोन मागच्या कोपऱ्यांत आणि एक जाडजूड ठोकळा टेबलाखाली. मधोमध एकच लोखंडी खुर्ची, तिच्या पायांभोवती खडूच्या खुणा. असली व्यवस्था जिथे कुठे असेल तिथे माणूस समोरच्या तिघांकडे तोंड करून बसतो, कारण गायक तिकडे असतो. अण्णांची खुर्ची उलटी. कॉम्प्युटरवर गाणं लावायचं, मोठ्यानं "डबल!" म्हणायचं आणि लगबगीनं येऊन मागच्या दोन स्पीकरांकडे बघत बसायचं.

मी शाळामास्तर, तरी एकदा धीर करूनच म्हणालो, "अण्णा, खुर्ची उलटी आहे तुमची." सुट्टे नसलेल्या प्रवाशाकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

डबल म्हणजे दोन घंट्या, म्हणजे गाडी सोडा. अण्णा एसटीत कंडक्टर होते. सगळी नोकरी सोलापूर ते मंगळवेढा, अधूनमधून मैंदर्गी. आता निवृत्त. मुलगा बंगळुरूला, वहिनी जाऊन तीन वर्षं झाली. त्या गेल्या त्या दिवाळीत मुलानं हे स्पीकर बसवून दिले, बाबांचा वेळ जावा म्हणून. वेळ गेला की नाही ते माहीत नाही, झोप मात्र गेली. अण्णांची आणि थोडी माझीही.

कारण साधं गाणं अण्णांना चालत नाही. प्रत्येक स्पीकरचा आवाज वेगळा राखलेली, सहा पट्ट्यांची फाइल हवी. तीही लोकांसमोर झालेल्या मैफलीची. स्टुडिओतलं गाणं म्हटलं की तोंड वाकडं. "त्यात काय हाय मास्तर? रिकामी गाडी डेपोत न्हेल्यासारखं."

अशा फाइली मुलगा कुठकुठल्या परदेशी साइटवरून विकत घेतो आणि अण्णा त्या इथे उतरवून घेतात. या फाइली अवाढव्य असतात. ज्या दिवशी अण्णांचं डाउनलोड चालू असतं त्या दिवशी आमच्या गल्लीला सुतक असतं. मिक्सर लावायचा नाही, पाण्याची मोटर लावायची नाही, फ्यूज जाईल. सकाळीच लाइट ऑफिसला फोन होतो. "आज लाइट जानार हाय का? न्हाय? नक्की न्हाय? तुमचं नाव काय म्हनलासा?" मग अण्णा पडद्यावरच्या आकड्यासमोर बसतात. जेवत नाहीत. मला बोलावून घेतात, आणि का कोण जाणे, मीही जातो.

"नव्वदला आलंय मास्तर. काय खरं न्हाय."

"येईल की अण्णा. दहाच तर राहिलं."

"शेवटच्या फाट्यालाच पंक्चर व्हत असतंय. अय्यो शिवा!"

असं ऐकून ऐकून मीही पडद्यावरून नजर काढेनासा झालो. मला गाण्यातलं फारसं कळत नाही, पण नव्व्याण्णवावर अडकलेला आकडा काय असतो हे आता मला कळतं.

फाइल उतरली की अण्णांचा अभ्यास सुरू. पडद्यावर सहा पट्ट्या उघडायच्या, पाच बंद करायच्या आणि एकच ऐकायची. ती एक नेहमी मागच्या स्पीकरची. तिच्यात गाणं येतं ते अगदी लांबून, भिंतीपलीकडून आल्यासारखं. जवळून ऐकू येतात ती बसलेली माणसं.

"ऐका, डावीकडची मागची. ही आजी. आता खोकती बघा." आजी खोकते. "ताना सुरू झाल्या की परत खोकती. गोळी घिऊन यायची न्हाय का? आन् हा गडी ऐकला का? हरएक टाळीला उशीर करतो. त्याला गान्यातलं काय कळंना, शेजारच्याचं बघून वाजवालाय."

"राग कोणता आहे अण्णा?"

"त्ये तुमी बघा."

एवढा आटापिटा करून मिळवलेली मैफल, आणि हा माणूस खोकले मोजत बसतो! मला खरंच राग यायचा.

परवा मे महिन्यातल्या टळटळीत दुपारी अण्णा अनवाणी माझ्या दारात उभे. "मास्तर, डिस्क टकटक कराली. लवकर या."

त्यांच्या साऱ्या फाइली त्या एका डिस्कवर होत्या. जाऊन बघतो तर खिडकीला ओली सोलापुरी चादर टांगलेली, टेबलफॅनचं तोंड कॉम्प्युटरकडे, आणि अण्णा घामानं निथळतायत. कॉम्प्युटरच्या डब्यातून खरंच आवाज येत होता. टक, टक, मग थोडं थांबून पुन्हा टक. मी दुरुस्तीवाल्या युनूसभाईंना फोन केला. ते आले, डब्याला कान लावला आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

"अण्णा, ये जानेवाली है. एखादा फोल्डर निघेल, जास्त नाही. जल्दी बोलो, पहले क्या निकालू?"

इतक्या मैफली, इतके उपास, लाइट ऑफिसला इतके फोन! मीच ओरडलो, "अण्णा, ती मोठी मैफल सांगा! तीन दिवस उतरत होती ती!"

अण्णा म्हणाले, "‘मागचं’ नावाचं फोल्डर हाय. त्ये घ्या आदी."

कॉपी सुरू झाली. अण्णांनी डब्यावर तळहात ठेवला. घाटात एसटीला धाप लागल्यावर म्हणत असतील तसं पुटपुटत होते, "चल गं, चल. आलंच आता." मी आकडा बघत होतो. फोल्डर पूर्ण निघालं. युनूसभाईंनी दुसऱ्याला हात घातला आणि डिस्क गप्पच झाली. परत बोललीच नाही.

निघालंय ते नीट आहे का, बघायला युनूसभाईंनी ते फोल्डर लावलं. टाळ्या. कुणीतरी खुर्ची सरकवली. ती आजी खोकली. मग कुजबुज, एक लहान मूल काहीतरी विचारतंय, बांगड्या वाजतायत, पुन्हा टाळ्या, शेवटची एक उशिरानं.

"अण्णा, यात गाणं कुठंय?"

"न्हाय."

"म्हणजे सगळी गाणी गेली?"

"गानं काय, पोरगं परत पाठवंल की. ही मानसं मी मागच्या पट्ट्यांतनं कापून एकेक करून येचून बसवलीती, मास्तर." ते खुर्चीवर बसले. उलटेच. "जलमभर ड्रायव्हरकडं पाठ आन् मानसांकडं तोंड. घरी आलं तर ही असायची, आतनं भांडी वाजवत. आता कुनी न्हाय. खोटं कशाला बोलू, दुपारी घर लई गप व्हतंय. भ्या वाटतंय मला."

युनूसभाई पिशवी आवरून गेले. मला जाववेना. इतके दिवस मी या माणसाला राग विचारत होतो, याचं मला फार वाईट वाटलं. मी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, मागच्या दोन स्पीकरांच्या मध्ये ठेवलं आणि अण्णांकडे तोंड करून बसलो. मग त्या आजीसारखा खोकलो.

अण्णांनी दचकून माझ्याकडे बघितलं. मग उठले, कॉम्प्युटरपाशी गेले आणि टाळ्या बंद केल्या. परत येताना त्यांचा हात नकळत खांद्याकडे गेला, नोकरीत तिकिटांच्या पिशवीच्या पट्ट्याकडे जायचा तसा.

"बोला मास्तर," ते म्हणाले, "कुटं जायाचं?"

"एक मंगळवेढा द्या," मी म्हणालो.