भागवतचा कान

आमच्या वरच्या खोलीत राहायला आला त्याच्या दुसऱ्याच सकाळी भागवत स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि गंभीरपणे म्हणाला, "काकू, तुमच्या मिक्सरला त्रास होतोय."

मी चटणी वाटत होते. लसूण-खोबऱ्याचा दरवळ घरभर पसरला होता. त्याने खिशातून लांब स्क्रूड्रायव्हर काढला, टोक मिक्सरच्या अंगाला लावले, मूठ कानाशी टेकवली आणि डोळे मिटले.

"खालचं बुश गेलंय. दिवाळीपर्यंत बंद पडंल."

भागवत मूळचा तिसगावचा. एमआयडीसीतल्या पंपांच्या कारखान्यात इंजिनिअर झाल्यावर आमच्याकडे भिंगारला राहू लागला. फ्रीज, पंखा, शेजाऱ्यांची स्कूटर, कशाचीही नाडी पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. एका दुपारी आमचे हे घोरत असताना तो खोलीबाहेर थबकलेला सापडला.

"काय रे, माझं बेअरिंग ठीक आहे ना?" जागे होत ह्यांनी विचारले.

"बेअरिंग बरंय काका. सायलेन्सर बघावा लागंल."

यंदा त्याने एम.टेक.ची प्रवेश परीक्षा दिली, गुणही चांगले पडले. प्रश्न उरला विषयाचा. भागवत प्रत्येक विषय अंगावर घालून पाहू लागला. थर्मलच्या दिवसांत तो उन्हाने तापलेल्या भिंतींवर तळवे ठेवत हिंडे आणि चहा का निवला याची कारणे देत चहा निववी. रोबोटिक्स सुरू झाल्यावर मी धुणे वाळत घालताना तो माझ्या मनगटाकडे असा निरखून पाहू लागला, की मला कपडे पिळायचेच सुचेना. शेवटी निकाल ठरलेला: "विषय चांगला हाय काकू, पण जीव लागत न्हाई."

"बॅटरीच्या गाड्यांचं काहीतरी घे," हे म्हणत. "नोकरी सोडून दोन वर्षं घालवायची, तर चालणारं नाणं बघ."

तो मान डोलवी. त्या मान डोलावण्यातला नकार मला मात्र ऐकू येई.

एका संध्याकाळी गच्चीवर कुरडया उचलताना मी विचारले, "तुझा जीव लागतो तरी कशात?"

त्याच्या कपड्यांना यंत्राच्या तेलाचा वास होता. हातातल्या कुरडईची नक्षी पाहत तो म्हणाला, "नॉइज अँड व्हायब्रेशन. यंत्राचा आवाज आन् थरथर कमी कशी करायची, ते."

"मग तेच घे ना."

"त्याला नोकऱ्या थोड्या. आन् मुलाखतीत इचारतात, हाच का? खरं कारण सांगायची लाज वाटती काकू. लई घरगुती हाय."

विषय नोंदवायच्या शेवटच्या दिवशी त्याचे वडील आले. तिसगावात त्यांची पिठाची गिरणी. बाजरीच्या ताज्या पिठाची पिशवी त्यांनी माझ्या हाती दिली. पीठ अजून कोमट होते. "बसा, आण्णा," मी म्हटले. ते उभेच राहिले. ह्यांनी ओरडून प्रवास कसा झाला ते विचारले, आण्णा हसून म्हणाले, "व्हय, दोन एकर." गिरणीच्या पट्ट्याच्या घरघरीशेजारी त्यांचे आयुष्य गेले होते, आणि ऐकणे तिथेच दळले गेले होते.

भागवत खाली आला, त्यांच्यासमोर बसला आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवू लागला.

"गिरणीत आमी असंच बोलतो," तो माझ्याकडे वळून म्हणाला. "तिथं आवाज काढून उपेग नसतो."

आण्णांच्या कपाळाच्या आठ्या मावळल्या. भागवतचा हात हवेत चाकासारखा फिरला, बोटे थरथरली, मग तळवा संथ पाण्यासारखा स्थिर झाला.

"गिरणी मुकी केली तं बायांना कळायचं कसं, चालू हाय का बंद?" आण्णांचा आवाज भिंतींवर आदळला.

भागवतने हसून बोटांनी दिवा लावून दाखवला. मग मान खाली घालून ओठांनीच आणखी काही सांगितले. आण्णांना ते दिसले नाही. त्यांनी त्याची हनुवटी वर उचलली. त्याला पुन्हा सांगावे लागले.

"लाज कसली त्यात?" आण्णा गरजले. "इचारलं तं सांग, बापाला ऐकू येत न्हाई. फुडं जो दळंल, त्याला येऊ दे."

समोरच्या दोन खिडक्या उघडल्या. इतके दिवस भागवतच्या ओठांवर न आलेले कारण आता साऱ्या गल्लीने ऐकले होते. त्याने मोबाईलवर विषय निवडला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, आणि तो हसत होता.