बकुळेच्या तोंडचं नाव

दत्ताराम त्या संध्याकाळी वाचनालयात व्याख्यानाला गेला तो ज्ञानासाठी नव्हे, पंख्यासाठी. फणसवाडीतल्या खोलीत उकाड्यानं जीव नकोसा झाला होता आणि वाचनालयाच्या हॉलात डोक्यावर पंखा होता. विषय काय, बोलणार कोण, याची त्यानं चौकशीसुद्धा केली नाही. मागच्या रांगेत भिंतीला टेकून डुलकी काढायची, एवढाच बेत. ती डुलकी लागली असती तर पुढचं सगळं टळलं असतं.

पण व्याख्यान देणारे डॉक्टर खणखणीत आवाजाचे निघाले. माणूस आनंदी राहतो की चिडका, हे म्हणे नशिबावर नसतं, मेंदूत पाझरणाऱ्या रसांवर असतं. परदेशात यावर मोठं संशोधन चाललंय. आणि हे रस वाढवायला औषध लागत नाही. सकाळचं कोवळं ऊन घ्या, भरभर चाला, चार माणसांत मिसळा, मोकळ्या गळ्यानं गा. "अहो, एखाद्याला आवडत्या माणसाचं नाव घेऊन बघू दे," डॉक्टर म्हणाले, "चेहरा आपोआप खुलतो."

दत्तारामची झोप उडाली. कारण त्याच्या घरात एक चेहरा महिनाभर खुललेला होता.

बकुळा म्हणजे कपाळाला आठी, हे लग्नापासूनचं गणित. नळाचं पाणी गेलं, आठी. दूध उतू गेलं, आठी. दत्ताराम ऑफिसातून घरी आला, आठी. आणि हल्ली तीच बाई गुणगुणत चपात्या लाटत होती. परवा तो आमटीत मीठ कमी आहे म्हणाला, तर हसून म्हणाली, "घ्या की मग वरून." (तो इतका घाबरला की अळणीच जेवला.)

म्हणजे रस पाझरत होता. पाझरवत कोण होतं? आपण नव्हे, याबद्दल दत्तारामला तिळमात्र शंका नव्हती.

तो चाळीत परतला तेव्हा गॅलरीत शेजारचे तात्या आरामखुर्चीत होतेच. रिटायर झाल्यापासून अख्ख्या चाळीवर त्यांचं लक्ष असे.

"दत्ताराम, बकुळावैनी खुशीत दिसतात रे हल्ली."

"असतील. मला काय माहीत?"

"परवा सकाळी ठाकूरद्वारच्या नाक्यावर ऐकलं मी. एका पुरुषाचं नाव घेत होत्या. भर रस्त्यात, चांगल्या ठणठणीत आवाजात."

"कुणाचं?"

"ते मी कशाला सांगू? मी बाबा कुणाच्या संसारात पडत नाही," तात्या म्हणाले आणि तपकिरीची डबी उघडून आरामात बसले.

नाव? बकुळेनं? पोस्टमननं नवऱ्याचं नाव विचारलं तर ही शेजारणीला पुढं करायची. गेल्या दत्तजयंतीला प्रसाद वाटताना "आज आमच्या ह्यांची जयंती" म्हणाली होती. सख्ख्या नवऱ्याच्या नावाला जी जीभ वळत नाही, ती दुसऱ्याच्या नावाला रस्त्यात वळते? दत्तारामचा नुसता जळफळाट झाला. दूधकेंद्रावरचा माणूस असेल का? त्याचे केस कुरळे होते. दत्तारामला केसच बेताचे होते. बकुळा सकाळी दुधाला म्हणून जायची ती बऱ्याच उशिरा यायची, तेव्हा दत्ताराम अंथरुणात घोरत असायचा. रांग मोठी असते, असं ती म्हणायची. कसली रांग आणि कसलं काय.

त्यानं ठरवलं, रस आपणच पाझरवायचा. रविवारी त्यानं बकुळेला हाताला धरून गॅलरीत उन्हात बसवलं. (ऊन फक्त संडासाच्या रांगेपाशी येत असे, त्याला तो काय करणार?) साहेबाच्या टोपीचा विनोद सांगितला. मग गळा मोकळा करून एक भूपाळी म्हटली, त्यावर खालच्या मजल्यावरून कुणीतरी भांडं आपटलं. बकुळेच्या कपाळावर जुनी आठी उमटली. तिनं त्याच्या कपाळाला हात लावला आणि विचारलं, "कणकण आहे का हो अंगात?"

त्याला रडूच यायचं बाकी राहिलं. ज्या आठीवर तो इतकी वर्षं वैतागला, ती आता फक्त त्याच्या वाट्याला उरली होती. हसू सगळं त्या कुरळ्या केसांच्या वाट्याला.

दुसऱ्या दिवशी ती बाटल्या घेऊन निघाली, तसा तोही सदरा उलटा घालून मागोमाग निघाला. बकुळा दूधकेंद्रावर थांबलीच नाही. बाटल्या रांगेतल्या शेजारच्या मालनच्या हवाली करून तरातरा पुढं गेली. नाक्यावर बायकांची प्रभातफेरी जमली होती. हातात झेंडे, 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे'चे फलक, आणि कोवळ्या उन्हात सगळ्यांच्या पुढं, पदर खोचून, बकुळा.

दत्ताराम खांबाआड उभा राहून पुरुष शोधू लागला. एकही नव्हता. फेरी वळली ती कोपऱ्यावरच्या कंत्राटदारशेठच्या दारात. मुंबई महाराष्ट्राला देऊ नये असं भाषण या शेठनं केलं होतं, त्यामुळे अख्खं गिरगाव त्याच्यावर भडकलेलं. बकुळेनं मूठ वर केली, छाती भरून श्वास घेतला आणि आरोळी ठोकली:

"दत्ताराम!"

"चले जाव!" बायका गरजल्या.

"दत्ताराम!"

"हाय हाय!"

शेठचं नाव दत्ताराम आहे, हे आपल्या दत्तारामला तेव्हा आठवलं. त्यानं खांबाला मिठी मारली. ही फेरी काढणाऱ्या गंगुबाई शेजारीच झेंडे वाटत उभ्या होत्या, त्यांनी त्याला ओळखलं नाही.

"काय आवाज आहे नाही बाईचा," त्या कौतुकानं म्हणाल्या. "पहिल्या दिवशी केवढी लाजली. ह्यांचंच नाव आहे, कसं घेऊ, म्हणे. मी म्हटलं, महाराष्ट्रासाठी एवढं कर. एकदा घेतलं, आता थांबवावं लागतं तिला." आणि त्याच्या हातात झेंडा कोंबून म्हणाल्या, "तुम्ही का गप्प? म्हणा."

"चले जाव," दत्ताराम म्हणाला.

घरी आल्यावर मात्र त्याला हायसं वाटू लागलं. परपुरुष नव्हता. म्हटलं तर बकुळा रोज सकाळी त्याचंच नाव घेत होती आणि डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे खुलत होती. चहाचा कप हातात घेऊन त्यानं जरा लाडात येऊन विचारलं, "बकुळे, खरं सांग हं. ते नाव घेताना डोळ्यांसमोर कोण असतं गं?"

बकुळेनं प्रामाणिकपणे विचार केला.

"सुरुवातीला शेठ असायचे," ती म्हणाली.