नकार शिकायला निघालेला तोकुजी

"सोमवारी साहेबांना नाही म्हणायचं. म्हणजे नाहीच!" मासाएने नवऱ्याच्या डोक्यावर यात्रेकरूची गवती टोपी दाबून बसवली. "नाहीतर जा एकटेच वाक्कानाईच्या बर्फात. मी येणार नाही."

तोकुजीच्या तोंडून जन्मात कधी नकार निघाला नव्हता. कचेरीत नको असलेले प्रत्येक काम त्याच्याच टेबलावर येऊन पडे. आता उत्तरेच्या टोकावरच्या वाक्कानाईची तीन वर्षांची बदली सगळ्यांनी झटकली आणि कुरामोची साहेबांची नजर त्याच्यावर गेली. म्हणून बायकोने त्याला शिकोकू बेटावरच्या देवळांच्या यात्रेला धाडले होते. चालून चालून मन घट्ट होते म्हणतात.

पहिल्याच देवळापाशी तो हबकला. पांढरा अंगरखा चढवून साक्षात कुरामोची साहेब उभे! रजा देताना ते म्हणाले होते, "मीही येतो रे, मलाही आत्मशोध करायचाय." तोकुजी अर्थातच "या ना" म्हणाला होता. पण ते खरेच येतील असे त्याला वाटले नव्हते, आणि बायकोला सांगायची तर छातीच झाली नव्हती.

थोडे चालतात तोच एका म्हातारीने संत्र्यांची टोपली पुढे केली. "घ्या बाबांनो."

"न... न..." तोकुजीने सगळा जोर लावला.

"वेडा की काय!" साहेब कडाडले. "यात्रेकरूनं दान नाकारायचं नसतं. देणाऱ्याचं पुण्य बुडतं. घे. माझाही वाटा तूच घे, माझे गुडघे दुखतात."

तोकुजीच्या पायाखालची जमीनच सरकली. नकार शिकायला यावे, आणि मुलूख नेमका हा निघावा! पुढे मुळे मिळाले, भोपळा मिळाला, लोणच्याची बरणी मिळाली. एका काकांनी तर भिंतीवरचे घड्याळ काढून दिले. दिवस कलेपर्यंत तोकुजीचा पार हमाल झाला. साहेब हात हलवत पुढे चालले होते आणि त्यागावर बोलत होते.

देवळाच्या पायरीवर ते टेकले. "मग? सोमवारी तुझंच नाव पाठवतो बरं का."

तोकुजीच्या डोळ्यांपुढे मासाए उभी राहिली. नकार ओठांपर्यंत आला आणि नेहमीसारखा परत गेला. मग त्याने ओझे उतरवले आणि कमरेत वाकून हात जोडले.

"साहेब, तुम्हीही यात्रेकरूच. माझ्याकडून एक दान घ्या."

"काय, संत्री?"

"वाक्कानाईची जागा."

साहेबांनी आ वासला. "अरे, पण मी..."

"अहो, नाही म्हणू नये!" पायरीवर चहा वाटणाऱ्या बायका एका सुरात ओरडल्या. "एवढं मनापासून देतोय बिचारा!"

साहेबांनी इकडे पाहिले, तिकडे पाहिले. सगळे हात जोडून त्यांच्याकडेच बघत होते. शेवटी तेही कमरेत वाकले आणि रडवेल्या आवाजात म्हणाले, "फार उपकार झाले."