सरी म्हणजे सरीच!

“आत्या, तू नुसती बस. बोलायचं काम माझं!” अक्षरानं रिक्षातच जाहीर केलं.

बेंगळुरात जन्मलेली, दहावीतली अक्षरा! कन्नड घरचंच, इंग्रजी फाडफाड! कराडहून आलेल्या सावित्रीआत्याला मात्र मराठीखेरीज काही येत नव्हतं. मुलाचं लग्न पाच दिवसांवर, यशवंतपूरहून चारची गाडी, आणि सुनेसाठी गळ्यातलं घेतल्याशिवाय आत्या हलणार नव्हती.

एम. जी. रोडवरचं ते दुकान इतकं गार, की दागिन्यांना पडसं व्हावं! टायवाल्या सेल्समननं, पद्मनाभनं, आत्याच्या नऊवारीकडे एकदा पाहिलं आणि दहा मिनिटं काच पुसत राहिला. ‘बसा’सुद्धा म्हणाला नाही!

“एक्स्क्यूज मी!” अक्षरा कडाडली. “माय आंट वाँट्स समथिंग फॉर द नेक!”

जांभई गिळत त्यानं एक हार पुढं सरकवला.

“सरी!” आत्या म्हणाली.

अक्षरा चाट! तिच्या घरी ‘ठीक आहे’ला सगळे कन्नडातलं ‘सरी’च म्हणत. चार दिवसांत आत्या शिकलीसुद्धा?

“शी सेज ओके!”

पद्मनाभनं हार डबीत घातला, दुसरा काढला.

“सरी रे बाबा, सरी!”

“सरी, अम्मा, सरी!” तो खुलला. तिसऱ्या हाराला खुर्ची आली. चौथ्याला बदामाचं दूध. पाचव्याला खुद्द मालक येऊन हात जोडून गेले!

“गुणाचा आहे हो,” आत्या कुजबुजली. “नको ते लगेच डबीत भरून ठेवतोय.”

अक्षराच्या घशात दूध अडकलं. “नको ते? अगं, तूच सरी म्हणालीस ना?”

“मग! गळ्यातली सरी! सोन्याच्या सळईची, गोल! सासूनं सुनेला घालायची ती!”

तेवढ्यात पाच हारांचं बिल आलं. अक्षराचं फाडफाड इंग्रजी कुठं पळालं कोण जाणे! कन्नडातच कसंबसं पुटपुटली. पद्मनाभनं दुधाचा अर्धा पेला उचलून नेला. खुर्चीही ओढली असती, पण तिच्यावर आत्या होती!

“असलं जुनं इथं नसतं,” तो कन्नडात फणकारला. आत्या पिशवी घेऊन उठली. पण मालक बघतायत म्हटल्यावर त्याला वाकावं लागलं. “सॉरी, मॅडम.”

आत्याचा चेहरा उजळला. ती पुन्हा ऐसपैस बसली.

“हां! आत्ता समजलं बघ ह्याला! काढ बाबा, दोन-तीन काढ!”

दुभाषीबाई तोवर दाराबाहेर पोचल्या होत्या!