पाच फोटोंचा सिनेमा

स्टाफरूमच्या फळ्यावरची सूचना सरांनी तीनदा वाचली आणि तिन्ही वेळा तिच्यात तेच लिहिलेलं होतं. शनिवारी दुपारी तीन वाजता सभागृहात कॉलेज-जीवनावरचा तो गाजलेला विनोदी मूकपट दाखवण्यात येईल. कित्येक वर्षं हरवलेली त्याची प्रत चित्रपट संग्रहालयाच्या बाईंनी शोधून काढली असून त्या स्वतः ती घेऊन येतील. चित्रपटाचा परिचय अर्थातच आपले सर करून देतील. खाली प्राचार्य मॅडमची सही होती. सरांनी चहा न पिताच हातातला कप खाली ठेवला.

घाबरण्यासारखंच होतं ते. सर हा मूकपट एकोणीस वर्षं शिकवत होते आणि त्यांनी तो एकदाही पाहिलेला नव्हता.

यात सरांची चूक नव्हती असं नाही, पण सुरुवात त्यांनी केलेली नव्हती. ज्या समितीने हा मूकपट अभ्यासक्रमाला लावला, तिला वाटलं होतं की प्रत कुठेतरी मिळेलच. ती मिळाली नाही. पाठ्यपुस्तकात मात्र त्याचे पाच फोटो छापलेले होते. सर तेव्हा नवे, नोकरी कच्ची. विभागप्रमुख म्हणाले, "आठ दिवसांत नोट्स द्या, मुलं बोंबलताहेत." सरांनी ते पाच फोटो टेबलावर ओळीने मांडले आणि त्यांतून एक कथा जुळवली.

पेटी घेऊन फाटकात उभा असलेला हडकुळा नायक म्हणजे ज्ञानाच्या दारात आलेला भोळा मुलगा. पुस्तकांच्या ढिगात मान खाली घातलेला नायक म्हणजे अभ्यासात बुडालेला. छडी उगारलेले दाढीवाले म्हणजे कडक पण मायाळू गुरुजी. रुमालाने नायकाचं तोंड पुसणारी मुलगी म्हणजे पडत्या काळात धीर देणारं प्रेम. आणि शेवटच्या फोटोत कॉलेजच्या फाटकापाशी मुलांनी नायकाला खांद्यावर उचललं होतं. म्हणजे तो शर्यत जिंकला होता, दुसरं काय! सरांनी त्यावर ‘चिकाटीचा विजय’ या मथळ्याखाली चार पानं लिहून काढली. पुढच्या वर्षी खरा सिनेमा पाहू आणि सगळं नीट करू, असं त्यांनी मनाशी ठरवलंही होतं. पण मुलं भराभर पास झाली, नोट्स दुसऱ्या कॉलेजांत गेल्या, आणि लोक सरांना त्या मूकपटाचे जाणकार म्हणू लागले. असं कुणी म्हणायला लागलं की नाही म्हणणं फार जिवावर येतं.

"तुम्ही पाहिलाच नाहीये?" संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालता घालता बायकोने विचारलं.

"हळू बोल."

"घरात आपण दोघंच आहोत."

"तरी पण."

"लग्न ठरताना मला सांगितलं होतंत, दोनदा पाहिलाय म्हणून."

"अगं, लोकांना एकदा सांगून बसलो होतो. तुला जरा जास्त सांगावंसं वाटलं."

बायको हसायला लागली आणि सरांचा चेहरा पाहून थांबली. चेहरा अगदी पांढराफटक पडला होता.

"मॅडमना सरळ खरं सांगून टाका ना. खाणार आहेत का त्या तुम्हाला?"

"अजून अकरा वर्षं नोकरी आहे माझी. अकरा वर्षं त्याच वर्गांत उभं राहायचंय. मी फळ्याकडे वळलो की मागे खसखस पिकेल. मला नाही जमणार ते. खरंच भीती वाटते गं."

"मग घसा बसलाय म्हणा. बोलायलाच नको."

सरांना हे पटलं. वेळ मारून नेण्याची कल्पना बायकोच्या तोंडून आली की ती नेहमीच शहाणपणाची वाटते. शुक्रवारी ते गळ्याला मफलर गुंडाळून मॅडमच्या केबिनमध्ये गेले आणि त्यांनी चिठ्ठी पुढे सरकवली: ‘घसा पूर्ण बसला आहे. परिचय अशक्य. कार्यक्रम पुढे ढकलावा.’

"अरेरे!" मॅडम कळवळल्या. "पण कार्यक्रम कशाला पुढे ढकलायचा? तुम्ही एक शब्दही बोलू नका. आपण तुमच्या नोट्सच छापून वाटू. तीनशे प्रती. प्रत्येकाच्या हातात एकेक. समोर पडदा, मांडीवर नोट्स! प्रसंग आला की लगेच ताडून बघता येईल."

सरांनी दोन्ही हातांनी जोरजोरात नको नको केलं.

"हा तुमचा मोठेपणा झाला," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी क्लार्कला हाक मारली. आधी फक्त सरांचं बोलणं चुकलं असतं. आता चुका छापून निघणार होत्या, त्याही मुखपृष्ठावर खांद्यावर उचललेल्या नायकाचा फोटो टाकून.

त्या रात्री सरांनी एकच गोष्ट पक्की केली. सिनेमा दाखवणाऱ्या मशीनवाल्याला गाठायचं. पाया पडायची वेळ आली तर पडायचं, पण शेवटचं रीळ लागता कामा नये. पहिल्या चार फोटोंचं एकवेळ निभावून नेता आलं असतं. शर्यतीचं निभणार नव्हतं, कारण त्या शर्यतीवर दरवर्षी दहा गुणांचा प्रश्न यायचा.

शनिवारी अडीचला सर सभागृहातल्या वरच्या, मशीनच्या खोलीत पोचले. मशीनवाला रिळांचे डबे क्रमाने लावत होता. सर तोंड उघडणार एवढ्यात पाठीमागून आवाज आला, "वा, सर इथे आहेत होय!" मॅडम जिना चढून वर आल्या होत्या. मॅडमसमोर सरांना बोलता येणार नव्हतं, कारण घसा बसलेला होता. नाइलाजाने त्यांनी हातवारे सुरू केले. शेवटच्या डब्याकडे बोट दाखवलं. तळहात सावकाश आडवा हलवला, म्हणजे हे नको. मग पंजा उभा धरला, म्हणजे इथेच थांब. शेवटी मॅडमची पाठ वळलेली पाहून हात जोडले.

मशीनवाल्याने ते सगळं फार मन लावून पाहिलं आणि जवळची नोट्सची प्रत उचलली.

"समजलं साहेब," तो म्हणाला. "शेवटचं रीळ सावकाश चालवायचं. आणि हा नोट्सवरचा फोटो आला की चित्र थांबवायचं. होईल, आमच्या मशीनला सोय आहे."

"बघा," मॅडम म्हणाल्या, "बोलता येत नाही, तरी केवढी तळमळ!"

तीन वाजता सभागृह भरलं. सर पहिल्या रांगेत बसले. एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला संग्रहालयाच्या बाई. बाई पस्तिशीच्या असतील. त्यांनी सरांना नमस्कार केला आणि पुढे एक शब्द न बोलता हातातला रुमाल पिळत बसल्या. या बाईला सगळं माहीत आहे, सरांच्या मनात आलं, आणि ती फक्त वेळ येण्याची वाट बघतेय.

दिवे गेले. हडकुळा पेटी घेऊन फाटकात आला. हे तरी बरोबर निघालं! सरांनी श्वास सोडला. पण पुस्तकांच्या ढिगात मान घातलेला हडकुळा अभ्यास करत नव्हता. त्याचा टाय टेबलाच्या खणात अडकला होता आणि खणाची किल्ली दुसराच कुणीतरी घेऊन गेला होता. सभागृह खदखदलं. सरांनाही हसू येणार होतं, तेवढ्यात त्यांना आपल्या नोट्स आठवल्या. दाढीवाले गुरुजी आले, छडी उगारून त्यांनी हजेरी घेतली आणि मग त्यांची दाढी गळून पडली. तो हडकुळाच होता. मागे कागद उलटल्याचा आवाज झाला. लोक ताडून बघत होते. मुलीने रुमाल काढला तेव्हा सरांनी बायकोचा हात घट्ट धरला. मुलीने हडकुळ्याच्या तोंडावरची शाई पुसली, आपल्या वहीवर दौत कोणी सांडली ते नीट ओळखलं आणि खाड्कन एक ठेवून दिली.

"अहो, हात दुखतोय माझा," बायको कुजबुजली.

मग शेवटचं रीळ लागलं आणि सगळं सावकाश चालायला लागलं. त्यात शर्यत नव्हतीच. खोट्या दाढीचं बिंग फुटलं होतं, सगळं कॉलेज हडकुळ्याच्या मागे लागलं होतं, आणि मुलांनी त्याला उचलून फाटकापाशी आणलं होतं. मशीनवाल्याने शब्द पाळला. तोच फोटो भिंतीएवढा होऊन थांबला. त्यात हडकुळ्याने दोन्ही हातांनी फाटकाचा गज घट्ट धरून ठेवला होता. एकोणीस वर्षं तो गज त्या फोटोत होता आणि सरांना दिसला नव्हता. चित्र पुन्हा हललं. एकेक बोट सुटलं, हडकुळा रस्त्यावर जाऊन पडला आणि मागोमाग त्याची पेटी आली.

दिवे लागले. तीनशे माना नोट्सवर वाकल्या. असं बसून राहणं सरांना आता उभं राहण्यापेक्षा भयंकर वाटलं. ते उठले, लोकांकडे वळले आणि म्हणाले, "मी हा सिनेमा आज पहिल्यांदा पाहिला."

"आवाज आला!" मॅडम ओरडल्या. "सरांचा आवाज आला!" आणि त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. सभागृहाने त्या उचलून धरल्या. सरांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, तेव्हा टाळ्या आणखी वाढल्या. मग मॅडमनी माइक घेऊन सांगितलं, की सिनेमा काही ठिकाणी नोट्सपासून दूर गेलेला आहे, तरी परीक्षेत सर्वांनी नोट्सप्रमाणेच लिहावं. लोक उठून जायला लागले. सर मटकन खाली बसले.

"मी ऐकलं सर," संग्रहालयाच्या बाई हळूच म्हणाल्या.

सर झटकन त्यांच्याकडे वळले. "मग? सांगणार आहात सगळ्यांना?"

"मी तुमची विद्यार्थिनी आहे. चौदा वर्षांपूर्वीची. मागच्या बाकावर बसायचे, तुम्हाला नाही आठवणार. त्या दहा गुणांच्या प्रश्नाला मी लिहिलं होतं, की हे लोक त्याला हाकलून देताहेत. जिंकलेला माणूस फाटकाचा गज कशाला धरून ठेवील?"

"मी किती गुण दिले?"

"शून्य. आणि बाजूला लाल शाईने लिहिलंत, ‘मूळ चित्रपट पाहिला असता तर असं लिहिलं नसतं.’ म्हणून मग मी तो शोधायला लागले."

सरांना काही बोलता येईना. या वेळी खरोखरच येईना.

"आज तर दारातूनच परत फिरणार होते मी," बाई म्हणाल्या. "मीच चुकले असले तर? तुम्ही सगळ्यांसमोर ओरडला असतात. प्रत तपासायला मी दुसऱ्यांना दिली आणि म्हटलं, शेवट मला सांगू नका. मीसुद्धा शेवटचं रीळ आजच बघितलं सर. एवढी भीती वाटत होती तुमची."

"माझी?" सर म्हणाले. त्यांनी बाईंच्या हातातला पिळवटलेला रुमाल पाहिला आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी खिशातून लाल पेन काढलं, बाईंच्या मांडीवरची नोट्सची प्रत ओढून घेतली आणि मुखपृष्ठावरच्या त्या गजाभोवती एक गोल काढला. शेजारी ‘दहापैकी दहा’ असं लिहून सही केली. मग पेन थांबलं.

"तारीख?" त्यांनी विचारलं. "तेव्हाची टाकू?"

"आजचीच टाका सर," बाई म्हणाल्या. "पाहिलात तर आजच ना."