मेस्त्रीकाकांच्या तीन वेगळ्या गोष्टी

मेस्त्रीकाकांसमोर "वडा नाहीये" असं म्हणायची हिंमत आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये आता कोणी करत नाही. कँटीन चालवणाऱ्या सदाने ती एकदा केली होती. काकांनी ट्रे खाली ठेवला.

"नाहीये म्हणजे? आज केलाच नाहीस, केला आणि संपला, की आहे आणि मला देत नाहीस? तीन वेगळ्या गोष्टी आहेत, सदा."

मागे रांग ताटकळली होती. सदाने मान खाजवली. "दोन आहेत काका. साहेबांसाठी ठेवलेत."

"हां. मग तसं बोल ना!" म्हणत काका उसळ घेऊन खुशीत निघून गेले. वडा न मिळाल्याचं त्यांना काहीच नव्हतं. रांगेला मात्र बरंच काही होतं.

अंधेरीतल्या आमच्या कंपनीत माणसं कमी आणि बीनबॅगा जास्त. त्यात छप्पन वर्षांचे, कडक इस्त्रीच्या शर्टाला दोन पेनं लावणारे मेस्त्रीकाका. दर वर्षी मुदत वाढवून मिळेल तेवढीच त्यांची नोकरी. आम्ही बनवतो ती सॉफ्टवेअरची टूल्स कशी वापरायची हे लिहून द्यायचं, हे त्यांचं काम. पूर्वी ते माणसं वाचायची, म्हणजे वाचायची नाहीत. आता एआय एजंट वाचतात, म्हणजे माणसाच्या वतीने कामं उरकणारे प्रोग्रॅम, आणि लिहिलंय तसे वागतात. घरात कोणी आपलं ऐकत नसेल त्याने या धंद्यात जरूर यावं.

माझं टूल साधं होतं. फाइलचं नाव दिलं की ती आहे का, केवढी आहे, शेवटची कधी बदलली, एवढं सांगायचं. फाइल उघडायची नाही. मी ते दोन दिवसांत लिहिलं. काकांनी त्याची माहिती लिहायला तीन आठवडे घेतले आणि एकोणीस पानं भरली. तीही आधी मराठीत, मग इंग्रजीत. "मराठीत थाप मारली की आपल्यालाच ऐकू येते गो," हे त्यांचं कारण.

त्या पानांत एजंटला नव्या जावयासारखं सांभाळून घेतलं होतं. 'हे टूल पाकिटावरचा पत्ता वाचतं, आतलं पत्र वाचत नाही. आतलं विचारू नकोस.' पुढे, 'रिकामी फाइल हीसुद्धा फाइलच. तिला नाही म्हणू नकोस.' आणि सातव्या पानावर, चौकटीत, 'फाइल नसेल तर नाही म्हण. असून बघायची परवानगी नसेल तर तसं सांग. तुला शोधताच आलं नसेल तर तेही सांग. तीन वेगळ्या गोष्टी आहेत. अंदाजाने काहीही बोलू नकोस. समोरचा वाट बघत असतो.'

आमचा साहेब कुणाल याला नेमकी ती चौकट खुपली. लोकांचे अर्ज सांभाळणारी एक कंपनी हे सगळं विकत घेणार होती. "'नाही' फार निगेटिव्ह वाटतं यार," कुणाल म्हणाला. "फाइल सापडली नाही की एजंटने म्हणायचं, आपली फाइल प्रक्रियेत आहे. लोक खूश."

"हे मी लिहिणार नाही," काका म्हणाले. आवाज चढवला नाही. कुणालने आठवण करून दिली की काकांची मुदत याच महिन्यात संपतेय आणि एक ओळ कोणीही लिहू शकतं. ती त्याने स्वतःच लिहिली.

मी काकांच्या टेबलाशी गेले. "एका ओळीसाठी नोकरी घालवणार? वाट लागेल ना काका!"

काका पेनाचं टोपण काढत-घालत राहिले. "माझे बाबा गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर घरासाठी अर्ज केला, क्रमांकाची पावती मिळाली. दर महिन्याला एक मंगळवार, इस्त्रीचा शर्ट घालून बोरीवलीहून त्या ऑफिसात. 'फाइल वर गेलीय, पुढच्या महिन्यात या.' चौदा वर्षं. गावाला राहायला गेले नाहीत, म्हणे मध्येच बोलावणं आलं तर? ते गेल्यावर मी जाऊन विचारलं. एका बाईंनी सगळं कपाट उपसलं. त्यांच्या नावाची फाइल कधी बनलीच नव्हती." टोपण पेनाला लावून म्हणाले, "पहिल्याच वर्षी कोणी नाही म्हटलं असतं, तर रडले असते दोन दिवस. मग गेले असते गावाला. तिथे आंब्याखाली बसले असते ना गो, चौदा वर्षं."

इतके दिवस मी या माणसाची नक्कल करून सगळ्यांना हसवत होते. मला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुणालने आपली ओळ घातलेला एजंट सगळ्यांसमोर दाखवायला बसवला. मी टाईप केलं, 'कुणालच्या प्रमोशनची फाइल आहे का?' उत्तर आलं, 'आपली फाइल प्रक्रियेत आहे.'

कुणालचा चेहरा असा उजळला की मलाच वाईट वाटलं. "खरंच? कोणी टाकली?"

"कोणीच नाही. नाव मी आत्ता मनाने टाकलं."

कोणी हसलं नाही. कुणालने आपली ओळ स्वतःच खोडली. मग म्हणाला, "काकांचीच चौकट ठेवा." जाता जाता, मुदतीच्या कागदावर उद्या सही करतो, असंही पुटपुटला.

सगळे पांगल्यावर मी ती चौकट परत घातली आणि काका माझ्या खुर्चीत बसले. चष्मा सारखा करून एका बोटाने एक लांबलचक अर्ज क्रमांक टाईप केला. कागद न बघता.

"काका, ही आपली टेस्टची फोल्डर्स आहेत. तुमच्या बाबांची फाइल इथे कशी असेल?"

"माका म्हायत आसा," काका म्हणाले आणि बटण दाबलं.

'अशी फाइल नाही.'

त्यांनी ते दोनदा वाचलं. शर्टाची इस्त्री हाताने सारखी केली आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून हळूच म्हणाले, "चला बाबा. घराक जावया."