प्रश्न क्रमांक सत्तावीस

मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी ल्यूनेबुर्गमधल्या आपल्या स्वयंपाकघरात एगर्ट ब्रोकहॉफ यांनी पर्यटन व्हिसाच्या अर्जातल्या प्रश्न क्रमांक सत्ताविसापुढे 'होय' या चौकोनात फुली मारली.

प्रश्न असा होता : 'आपणांस कोणत्याही देशाने कधी प्रवेश नाकारला आहे काय?'

१९७९ साली पूर्व जर्मनीच्या सीमेवरून एगर्ट आणि त्यांची बायको वीब्के यांना माघारी पाठवलं होतं. पलीकडच्या मावशीला दाखवायला नेलेला कपड्यांचा कॅटलॉग पहारेकऱ्यांना शत्रूचा प्रचार वाटला. माघारी पाठवल्याची शिक्का मारलेली चिठ्ठी एगर्टनी त्याच दिवशी फाइलला लावली होती. फाइल अर्थातच जागच्या जागी सापडली. चिठ्ठीची प्रत त्यांनी अर्जाला जोडली.

"अरे, तो देशच गेला," वीब्के म्हणाल्या. "त्याचा नकारही त्याच्याबरोबर गेला की."

"कधी, असं विचारलंय. आता, असं नाही."

सीमेवर त्या दिवशी वीब्केही त्याच गाडीत होत्या. त्यांनी आपल्या अर्जात 'नाही'वर फुली मारली आणि पावाला लोणी लावायला घेतलं.

पंधरा मार्चला त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार होती. तो दिवस फ्लेमिंगो उतरतात त्या खाऱ्या सरोवराकाठी घालवायचा, हा वीब्केंचा हट्ट. (देशाचं नाव इथं देणं बरं नाही, एगर्टचा पासपोर्ट अजून त्यांच्याकडे आहे.) हॉटेलच्या आरक्षणाशिवाय अर्ज घेत नसत, म्हणून सरोवराकडे तोंड असलेली खोली एगर्टच्या नावावर घेतली गेली.

चार दिवसांत वीब्केंचा व्हिसा आला, त्याच खोलीच्या आरक्षणाच्या जोरावर. एगर्टना हॅम्बुर्गच्या व्हिसा केंद्रात बोलावणं आलं.

तिथल्या ओस्टरकाम्प बाई अतिशय सौजन्यशील होत्या. त्यांनी नियम वाचून दाखवला : ज्या देशाने प्रवेश नाकारला, त्या देशाचं ना-हरकत पत्र जोडावं. तो देश संगणकाच्या यादीत नव्हता, हे त्यांनाही दिसत होतं. पण नकार फाइलमध्ये होता, आणि नकार आहे म्हटल्यावर देणाराही असणारच.

"साहेब, 'नाही' लिहिलं असतंत ना, तर मी पान उलटून पाहिलंही नसतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"मग आता बदलू?"

"आता ती खाडाखोड होईल."

एगर्टनी अभिलेखागारातून दाखला आणला की, सदर देश ३ ऑक्टोबर १९९० रोजी संपला. दाखला परत आला. छत्तीस वर्षांपूर्वीची माहिती चालत नाही. सदर देश आजही अस्तित्वात नाही, असं ताज्या तारखेनं हवं. अभिलेखागारानं तेही दिलं, वर शुभेच्छाही दिल्या. या दाखल्याची मुदत नव्वद दिवस. छाननीला लागतात शंभर. ओस्टरकाम्प बाईंनी स्वतःहून सुचवलं की, ब्याण्णवाव्या दिवशी नवा दाखला आणावा, न जाणो मधल्या काळात तो देश परत आला तर.

बारा मार्चला वीब्के एकट्या निघाल्या. एगर्टनी त्यांची बॅग स्टेशनपर्यंत ओढली, गाडी पाच मिनिटं उशिरा असल्याची तक्रार नोंदवली आणि हात हलवला.

संध्याकाळी फोन आला. "खोली तुझ्या नावावर आहे. ते म्हणतात, तू येणार नाहीस असं लेखी दिलंस तर मला देतील. दे पाठवून."

"कसं देऊ? अर्ज विचाराधीन आहे. कदाचित येईनही."

"एगर्ट, मी हॉटेलच्या दारात सुटकेसवर बसलेय. समोर हजारो पक्षी उभे आहेत, सगळे एका पायावर. त्यांना कुणी काही विचारत नाही. तू येणार आहेस का?"

"माहीत नाही, असं लिहू?"

"तसा चौकोन नाही त्यांच्याकडे," वीब्के म्हणाल्या आणि हसायलाच लागल्या. मग दोघंही बराच वेळ हसत राहिली.

दोघांच्या अर्जांच्या तळाशी एकच ओळ होती : 'वरील सर्व माहिती सत्य आहे.' दोघांनीही त्याखाली सही केली होती. तशी ती तुम्हीही कुठं ना कुठं केली असेलच, आणि तुमचं काम चार दिवसांत झालं असेल.

शेवटची खबर आली तेव्हा वीब्के सुटकेसवरच होत्या, हॉटेलवाल्यांनी त्यांना सूप आणून दिलं होतं आणि एगर्ट कोऱ्या कागदासमोर पेन उघडून बसले होते.